भूमिकाची मान आणि बाप्पाची नजर

पेण, ज्येष्ठ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप पुतळीबायच्या पायांवर धाकट्या काळुरामचं डोकं (या खेपेला पाय तुझेच आहेत याची खात्री करून).

तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला थांबला का? तुझ्या लेकाची, प्रवीणची, कंपनीतली शिफ्ट बदलली का? आम्ही इकडे खुशाल. कारखान्यात सध्या गणपतींची इतकी दाटी झालीय की माणसांना बसायला जागा नाही. हे पत्र मी स्वतः लिहितोय, म्हणजे पेन आणि नाक मिळून. नाकाला शाई लागली की समजायचं, अक्षर नीट दिसतंय. आमची बायको नूतन म्हणते, एवढं कशाला, बहिणीला फोन करा. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे, हे तिला काय माहीत!

मागच्या रविवारी रोह्याला आलो त्याची हकीकत तुला अर्धीच कळली. पेणच्या स्टँडवर एस.टी.ची पाटी वाचायला मी गाडीला इतका चिकटलो की कंडक्टर म्हणाला, आजोबा, काच पुसताय काय? (आमची पाटी वाचून होईतो गाडी सुटते, ही जुनीच रड.) शेवटी एका कॉलेजच्या पोराला विचारलं. माझी टोपी, काळा चष्मा आणि हा पांढराफटक रंग बघून तो इंग्रजीतच सुरू झाला. मी म्हटलं, "बाबा, मी धरमतरच्या मिठागरातला हाय, नाव काळुराम." बिचारा इतका गडबडला की मला हाताला धरून रोह्याच्या गाडीत बसवून आला. (आजोबांचं नाव ठेवायचं हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं, आणि मी असा निघालो तरी आई शब्दाला जागली. सगळ्या तालुक्याची फुकटात करमणूक झाली.)

तुझ्या अंगणात पोचलो तर तू हिरवं लुगडं नेसून दारात उभी. मी वाकून नमस्कार केला, उशिराबद्दल माफी मागितली, तरी तू गप्पच. म्हटलं, बाय रागावली. मग कंडक्टर, तो पोरगा, सगळं सविस्तर सांगितलं. चांगली पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात तू मागल्या अंगाने आलीस आणि म्हणालीस, "काळ्या, माज्या वाळत घातलेल्या लुगड्याशी काय बोलतोस रं?" तू हसलीस, भावोजी खोकेपर्यंत हसले, मीही हसलो. एकटी भूमिका हसली नाही. ती तुझ्या मागे उभी होती. मी अगदी जवळ जाऊन बघितलं तेव्हा कळलं, तुझ्या या सहा वर्षांच्या नातीच्या गळ्यात तू टॉवेलची जाड गुंडाळी करून बांधलीयस. पोर मान वाकडी ठेवते म्हणून सरळ करतेय, म्हणालीस. आणि यंदा शाळेत घालणार नाय, पोरं तिलाही माझ्यासारखंच पांढरी पाल म्हणतील, असंही म्हणालीस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तू ताटात कोलंबीचं कालवण वाढलंस आणि मी जेवत बसलो. याची मला लाज वाटते, बाय.

आठवतं का गो, आपली शाळा? मला फळा म्हणजे नुसता काळा चौकोन. तू दोन वर्षांनी मोठी, पण माझ्यासाठी माझ्या वर्गात येऊन बसलीस. मास्तर लिहायचे आणि तू पुटपुटत मला वाचून दाखवायचीस. बोलते म्हणून छड्या तुला. मिठागरात बाबांबरोबर गेलो की उन्हात ते पांढरं मीठ असं चमकायचं की डोळ्यांतून धारा लागायच्या. तू परकराचं टोक माझ्या हातात देऊन मला बांधाबांधाने घरी आणायचीस. मला आजही मिठाचा वास आला की तुझ्या परकराचं ते ओलं टोक हातात आल्यासारखं वाटतं.

आणि गागोद्याचा तो हाडं बसवणारा! बाबांनी माझीही वाकडी मान सरळ करायला नेलं होतं. त्याने तेल चोळून, पट्टा बांधून मान सरळ केली, आणि सरळ मानेने चार पावलं चालून मी त्याच्या म्हशीवर जाऊन आदळलो. परत येताना तू पट्टा सोडून ओढ्यात टाकलास आणि बाबांना सांगितलंस, वाहून गेला. खोटं बोललीस, पण मला पुन्हा दिसायला लागलं. कारण पुढे मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आमच्यासारख्यांच्या डोळ्याच्या आत जो रंग लागतो तोच नसतो. (म्हणजे देवाने आखणी केली आणि रंगाचा हात द्यायला विसरला.) म्हणून उजेड खुपतो, लांबचं दिसत नाही, बुबुळं सारखी हलतात. पण मान उजवीकडे वळवून डाव्या कोपऱ्यातून बघितलं की ती जरा थांबतात. चष्म्याने थोडीफार मदत होते, पण तो कोपरा आमचा आम्हालाच शोधावा लागतो. भूमिकाला तो सापडलाय, कुणी न शिकवता. आणि तू तो टॉवेलने बुजवतेस!

त्याच कोपऱ्याने मला पोटाला लावलं. पहिल्यांदा कारखान्याचे मालक मोरोपंत यांनी मला एकवीस मूर्तींचे डोळे आखायला दिले, ते आठव. मी एकेक मूर्ती नाकाला लावून मन लावून आखली. मोरोपंत समोर उभे राहिले तर एकही देव त्यांच्याकडे बघेना. सगळे आपल्या डाव्या कोपऱ्यातून चहाच्या किटलीकडे बघत होते! नजर स्थिर म्हणजे अशीच, असा माझा समज. मोरोपंत किटलीपाशी गेले आणि एकवीस देवांनी एकदम बघितल्यावर मटकन खाली बसले. त्यातला एक तुझ्या सासूबाई धोंडुबाईंनी हौसेने नेला. आरास अशी झाली की देवाची नजर थेट लाडवांच्या डब्यावर. त्या वर्षी डब्याला कुणी हात लावला नाही. तेव्हापासून मी मूर्तीच्या मधोमध दोरा धरून नजर सरळ समोर आखतो.

असो. सगळ्यांना नमस्कार, भूमिकाला गोड पापा.

तुझा,
काळुराम

ता. क. पत्र नुसतं खुशालीचं आहे असं वाटलं असेल, तर तसं नाही. सोमवारी शाळा उघडते. भूमिकाला घाल. बाईंना सांग, फळ्याकडे तोंड करून उजव्या हाताच्या पहिल्या बाकावर बसवा, खिडकीचा उजेड तोंडावर नको, टोपी काढायला लावू नका, आणि मान सरळ कर म्हणू नका. चिडवतील, व्हय. मलाही चिडवलं. पण माझ्या शेजारी तू होतीस म्हणून मी हे पत्र लिहू शकतोय. ज्या हातांवर माझ्यासाठी छड्या खाल्ल्यास, त्याच हातांनी तो टॉवेल सोड.

ता. क. दुसरं. तुमचा यंदाचा गणपती आखून झाला. घरचे म्हणतील, काळुराम म्हातारा झाला, देव भलतीकडेच बघतोय. बघू देत. आरतीला भूमिकाला देवाकडे तोंड करून आपल्या उजव्या हाताला बसव. मान वळवून तिने बघितलं की तिला विचार, बाप्पा कुणाकडे बघतोय. या खेपेला मी दोरा धरला नाही.