बाबूजींच्या भुवईवरची घंटी

मुर्री, मंगळवार, संध्याकाळ

रिपोर्ट आला. बाबूजींच्या भुवईवरची गाठ साधीच होती. धोका नव्हताच, तरी वर्षभर मीच मागे लागून ती काढायला लावली. उगाच चिरायला लावलं का त्यांना?

लहानपणी ते घरीच पाढे शिकवायचे. उत्तर बरोबर आलं की मी ती गाठ घंटीसारखी दाबायची आणि ते "टन्न" म्हणायचे. आज पट्टी बदलताना तिथं फक्त टाके दिसले आणि मला रडू आलं.

"गाठ माही होती, अन् तू कायले रडून राहिली?" बाबूजी म्हणाले. मग हळूच, "बारा साती?"

"चौऱ्याऐंशी."

त्यांनी दुसरी भुवई पुढे केली. मी दाबली. तिथं गाठ नव्हती, तरी "टन्न" झालं.