फाट्यावर विसरलेल्या माणसाचे आभार

स्केलबेक, यॉर्कशर
१२ ऑगस्ट २०१९

आदरणीय कप्तान ऑल्डरॉइड यांस,

क्लिफर्ड शटलवर्थचा टोपी काढून नमस्कार. (टोपीखाली आता दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही, पण रीत ती रीत.) गुडघा कसा आहे? मी डाव्याचं विचारतोय. उजव्याची हकिगत तुमच्या लेकीनं, पॉलीननं, फोनवर पाऊण तास सांगितली, त्यामुळे तो गुडघा मला आता माझ्या स्वतःच्या गुडघ्यापेक्षा जास्त परिचयाचा झाला आहे. तुमची लेक तुम्हाला मीठ देत नाही असंही कळलं. वाईट वाटलं. चौऱ्याण्णवाव्या वर्षी माणसानं मीठ खायचं नाही तर मग कधी खायचं? इकडे आम्ही दोघं ठीक. मेव्हिसचा खोकला गेला, माझा आला. घरातल्या घरात राहिला एवढंच.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात इथल्या वाचनालयातल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या जुन्या क्लबांच्या आठवणी यंत्रावर भरून ठेवताहेत. स्केलबेक मोटरसायकल क्लबचे हयात सभासद किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन. एक मी, आणि दुसरे व्हिटबीला समुद्राकडे तोंड करून बसलेले असतात. मग त्यांनी ते यंत्र माझ्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "क्लबनं तुम्हाला काय दिलं, मिस्टर शटलवर्थ?" चौदा मिनिटांच्या त्या टेपवर, बाई म्हणतात, नऊ मिनिटं माझा श्वासच ऐकू येतो. घरी आल्यावर उत्तर सुचलं. ते यंत्राला सांगण्यापेक्षा तुम्हालाच कळवावं असं वाटलं, म्हणून हा प्रपंच.

१९५७ साली मी एकवीस वर्षांचा होतो आणि लोकरीच्या गिरणीत रंगखात्याला होतो हे तुम्हाला आठवत असेल, कारण माझे हात दर आठवड्याला वेगळ्या रंगाचे असत. ज्या रंगाची मागणी जास्त, त्या रंगाचा क्लिफर्ड. अशा माणसाबरोबर नाचायला कुठलीही मुलगी तयार होत नसे. ब्लाऊजवर पंजा उमटेल अशी त्यांना भीती. माझी मोटरसायकल तिसऱ्या हातची होती. (कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, दोष कंपनीचा नव्हता, आधीच्या दोन हातांचा होता आणि नंतर माझ्या हिरव्या-निळ्या हातांचा.) ती चढावर धापा टाकी आणि उतारावर हुंदके देई. असल्या गाडीवरून मी तुमच्या क्लबच्या दारात आलो तेव्हा खिडकीतून कुणीतरी हसल्याचं मी ऐकलं. तुम्ही हसला नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारलीत, वाकून तिच्या पोटाखाली बघितलंत आणि म्हणालात, "गाडी जगेल. तू काय करणार आहेस?" मी म्हटलं, "सांगाल ते." माझ्या आयुष्यात मला इतक्या गंभीरपणे कुणी काही विचारलं नव्हतं.

आणि माझ्या आईची परवानगी मागायला तुम्ही घरी आला होतात, ते मी कसं विसरेन! दारात बूट काढलेत. तिच्या हातच्या आलं-काकवीच्या पार्किन केकच्या तीन वड्या खाल्ल्यात. (तिचं पार्किन म्हणजे काय ते आम्ही घरचे जाणतो; बाबा त्याला फरशी म्हणत.) मग तिला साइडकारमध्ये बसवून चॅपलपर्यंत फिरवून आणलंत. जाताना ती डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, येताना "अजून एक वळण घ्या ना, मिस्टर ऑल्डरॉइड" म्हणत होती. पुढे प्रत्येक रविवारी ती खिडकीत टोपी घालून बसायची, न जाणो कप्तान आलेच तर.

आता त्या जूनच्या रविवाराबद्दल. तुम्हाला तो विषय आवडत नाही हे मला ठाऊक आहे. बासष्ट नाताळ झाले, बासष्ट कार्डांवर तुम्ही एकच ओळ लिहीत आलात, "क्लिफर्ड, त्या दिवसाबद्दल क्षमा कर." पॉलीन म्हणते, यंदा हात थरथरतो म्हणून तुम्ही ऑगस्टमध्येच लिहायला घेतलंय. तेव्हा आज मी तो दिवस माझ्या बाजूनं सांगतो. तुम्ही फक्त ऐका. उठू नका, गुडघा आहे.

अठरा गाड्या हॉझ गावाकडे निघाल्या होत्या. नियम तुमचाच, लढाईच्या दिवसांत निरोप्याचं काम करताना शिकलेला: जिथे रस्ता फुटेल तिथे एकाला उतरवायचं, त्यानं हात लांब करून दिशा दाखवायची, आणि सगळ्यांत मागून येणारी हर्बर्ट पिकल्सची साइडकार दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. "जग बुडालं तरी," असं तुम्ही म्हणाला होतात. अकराच्या सुमारास वेन्सलीडेलकडे उतरणाऱ्या फाट्यावर तुम्ही मला खूण केलीत. मी उतरलो. हात लांब केला. त्या आठवड्यात मी बाटलीसारखा हिरवा होतो, म्हणजे हात लांबूनही दिसत असणार. सोळा गाड्या माझ्यासमोरून गेल्या. प्रत्येकानं मान डोलावली. कप्तान, क्लबात येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि सोळा माणसं मी दाखवलेल्या दिशेनं जात होती! गिरणीत मांजरही माझं ऐकत नसे.

सतरावी गाडी पिकल्सची. ती येईना.

अर्धा तास गेला. मेंढ्या गडग्यापाशी जमल्या आणि नवीन सरकार आल्यासारख्या माझ्याकडे बघू लागल्या. सायकलवरून एक पाद्री आले, माझा हात बघून थबकले, आणि काही न विचारता डावीकडे वळले. दोन मोटारीही वळल्या. माणूस ठाम उभा असला की लोक त्याला सरकारी समजतात हे मला त्या दिवशी कळलं. मग एका पितळी बँडची बस आली. ड्रायव्हरनं खिडकीतून ओरडून विचारलं, "रस्ता बंद आहे का रे?" हात खाली घ्यायचा नाही एवढंच माझ्या डोक्यात. मी काही बोलणार तोच तो "बरं, बरं" म्हणत डावीकडे वळलासुद्धा. बावीस वादक, एक ढोल आणि उजवीकडच्या गावातली त्यांची स्पर्धा. (त्यांच्या मास्तरांनी नंतर वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. त्यात "हिरव्या पंजाचा भामटा" असा माझा उल्लेख होता. छापील अक्षरात माझ्याबद्दल आलेलं तेवढंच, कात्रण ठेवलंय.)

बाराच्या पुढे शेजारच्या शेताचं फाटक वाजलं आणि एक मुलगी आली. हातात धुण्याची बादली.

"तू खांब आहेस का?" ती म्हणाली.

"क्लबचा सभासद आहे," मी म्हटलं.

"मग हात का असा धरलायस?"

"शेवटच्या गाडीसाठी."

"कधी येणार ती?"

"येईल."

तिनं वरपासून खालपर्यंत मला न्याहाळलं. "हा हात जन्मतःच हिरवा आहे का?"

"या आठवड्यापुरता. पुढच्या आठवड्यात नेव्ही ब्लूचं काम आहे."

ती हसली, कप्तान. दात जरासे पुढे, पण हसली. आत गेली आणि चहा, फ्रूटकेक आणि वर चीजचा तुकडा घेऊन आली. मला डाव्या हातानं खावं लागलं. दोनच्या सुमाराला माझा हात लोंबायला लागला, तेव्हा तिनं कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायची काठी आणून माझ्या काखेखाली ठोकली. तिचा बाप, थ्वेट म्हातारा, मेंढ्या हाकत आला, थांबला, आणि लेकीला म्हणाला, "मेव्हिस, बुजगावणं आणलंस ते बरं केलंस, पर कावळं तिकडल्या वावरात हायती." मग माझ्याकडे वळून, "काय रं, जेवलास का?" एवढंच. यॉर्कशरच्या शेतकऱ्याकडून याहून जास्त प्रेम दोन पिढ्यांत मिळत नाही.

तीन वाजता पाऊस आला. ती छत्री धरून उभी राहिली. साडेपाचपर्यंत तिला माझ्याबद्दल सगळं माहीत झालं होतं आणि मला तिच्याबद्दल: की तिला अंधारी खोली आवडत नाही, बदकं आवडतात, आणि दूध काढताना ती चॅपलमधली गाणी खालच्या पट्टीत म्हणते. गिरणीत मी दहा माणसांशी सहा वर्षांत एवढं बोललो नव्हतो.

तिकडे हॉझला पिकल्स आणि मी दिसलो नाही, म्हणून तुम्ही समजलात, की पिकल्सची गाडी मोडली आणि मी त्याच्या मदतीला मागे राहिलो. कुणीही तसंच समजलं असतं. पण चहाच्या वेळी ते बँडवाले रस्ता चुकून तिथे येऊन पोचले, आणि हिरव्या हाताच्या माणसाला शिव्या देऊ लागले. तुम्ही कप तसाच टाकून निघालात, असं मला सांगितलंय. फाट्यावर तुमची गाडी अजून थांबलीही नव्हती तोच तुम्ही उतरलात.

"क्लिफर्ड! बाळा, तू अजून इथेच?"

"पिकल्स आले नाहीत, कप्तान."

तुम्ही चष्मा वर केलात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. पाऊसही होता, म्हणून शपथेवर सांगत नाही. तुमचं मेणकापडी जाकीट काढून तुम्ही माझ्या अंगावर घातलंत, आणि भिजत चाळीस मैल माझ्या हुंदके देणाऱ्या गाडीच्या मागे मागे, तिच्याच वेगानं आलात. पुढच्या मंगळवारी सभेत उभे राहून म्हणालात, "जो आपला माणूस रस्त्यावर विसरतो त्यानं कप्तान राहू नये," आणि पायउतार झालात. आम्ही किती विनवलं! तुमच्या जागी आलेल्यानं आम्हाला पहिल्याच फेरीत एका खाणीत नेलं. सात वर्षांत क्लब संपला. लोकांनी छोट्या मोटारी घेतल्या, मुलं झाली, मोटारींना छप्पर असतं.

तर कप्तान, वाचनालयातल्या बाईंना न दिलेलं उत्तर हे: क्लबनं मला मेव्हिस दिली. तुम्ही मला उतरवलंत, आणि देवाची कृपा, विसरलात. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला साठ वर्षं होतील. तीन मुलं, सात नातवंडं, एक कायमचं बदक. हे सगळं तुमच्या त्या चुकीतून निघालंय. मी तुमचा ऋणी आहे. आणखी काय लिहू? थोरांना नमस्कार लिहायचा, तर तुमच्याहून थोर आता कुणी उरलं नाही. पॉलीनला आशीर्वाद, आणि तिला सांगा, मीठ दे.

तुमचा आज्ञाधारक,
क्लिफर्ड शटलवर्थ

ता. क. १४ सप्टेंबरला चॅपलच्या सभागृहात आमच्या लग्नाच्या साठाव्या वाढदिवसाचा समारंभ आहे. तुम्ही यायचंच. पॉलीन गाडी चालवील. दोन शब्द तुम्हीच बोलायचे आहेत; मेव्हिस सोडली तर दुसरं कुणी मला त्या काळापासून ओळखत नाही. पण भाषणात माफी मागू नका. का, ते खाली.

ता. क. २. हर्बर्ट पिकल्स आला होता. पाऊण वाजता आला. त्याच्या साइडकारच्या चाकाच्या काड्या तुटल्या होत्या. तो मला म्हणाला, "मी इथूनच घरी परततो. तू हॉझला जा, कप्तानांना सांग, आणि चहा पी." मेव्हिस तेव्हा चहाचा दुसरा कप आणायला घरात गेली होती. मी पिकल्सला म्हटलं, "जातोच." आणि गेलो नाही. तो वळून दिसेनासा झाल्यावर मी हात पुन्हा लांब केला. नंतर त्याला गाठून, फाट्याच्या आधीच परतलो असं सांग, म्हणून हातापाया पडलो. मरेपर्यंत त्यानं शब्द पाळला. तुम्ही कुणालाही विसरला नव्हतात, कप्तान. नियम बरोबर होता, तुम्ही बरोबर होतात, आणि तुमचं कप्तानपद माझ्यामुळे गेलं. दर नाताळला कार्ड आलं की खरं लिहायला बसायचो, आणि "आपलं कार्ड पोचलं, हवा थंड आहे" असं लिहून उठायचो. आता तुमचा हात थरथरतो हे ऐकल्यावर आणखी एक कार्ड घेण्याची माझी हिंमत नाही. जमलं तर क्षमा करा. आणि मेव्हिसला यातलं काही कळू देऊ नका. दिलेल्या हुकुमासाठी मी साडेसहा तास उभा राहिलो म्हणून तिनं मला पसंत केलं, असं ती साठ वर्षं नातवंडांना सांगत आली आहे.

ता. क. ३. (अक्षर वेगळं आहे, कप्तान, मी मेव्हिस.) टपालात टाकायला दिलेलं पत्र क्लिफर्ड कधीच चिकटवत नाही. पिकल्स फाट्यावरून निघून आधी मागच्या दारानं आमच्याच स्वयंपाकघरात आले होते, चाक बांधायला तार मागायला. म्हणाले, "बाहेरच्या पोराला जायला सांगितलंय मी, आता जाईल तो." मी खिडकीतून बघत होते. ते गेले, आणि यानं इकडेतिकडे बघून हात पुन्हा वर केला. तेव्हा मी कपात दोन चमचे साखर जास्त घातली. हुकूम म्हणून उभा राहणारा असता, तर कप्तान, मी त्याला तिथेच भिजू दिलं असतं. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमचं पद गेल्याचं मला वर्षभरानं कळलं, आणि मग याला उघडं पाडायचं जिवावर आलं. म्हणजे क्षमा मीही मागते. १४ तारखेला नक्की या, माझ्या शेजारी बसा, मिठाची बाटली मी पर्समध्ये ठेवीन. मला ठाऊक आहे हे मात्र त्याला सांगू नका. त्याला वाटतं, आयुष्यात एकच गोष्ट तो माझ्यापासून लपवू शकला.