कोरडं बोट

प्रिय थेआनोताई,

तुझा मधाचा बुधला याही वर्षी पोचला. सोबत तोच निरोप: "खा, आणि खरं सांग, ते कधी येतील?"

तीन दिवस तो कोनाड्यात आहे आणि मी नुसती आत-बाहेर करतेय.

आम्हा मधमाशीच्या पुजारणींचं तुला ठाऊकच आहे. ताजा मध खाल्ला की आमच्या तोंडून खरं निघतं, नाही खाल्ला तर खोटं. म्हणून मधाची पोळी रिकामी असली की आम्ही कौलच देत नाही.

दाजी आले त्या वसंतात पोळी रिकामीच होती. थोरल्या पुजारीणबाई म्हणाल्या, "परत पाठव त्यांना." पण दाजी हसले, "काय मेहुणीबाई, नुसत्या माश्याच हाकता की काय? गलबत खोळंबलंय माझं!" घरचं माणूस पहिल्यांदाच माझ्यापुढे कौलाला बसलं होतं गं. मी रिकाम्या वाटीत बोट घातलं, चाटलं आणि म्हणाले, "खुशाल निघा. समुद्र शांत आहे."

ते कोरडं बोट कुणाला दिसलं नाही.

त्यानंतर मी कौल द्यायला बसले नाही, पोळ्यांना धूर तेवढा देते. सहा वर्षांत मधाला शिवले नाही. खाल्ला तर तुला काय सांगावं लागेल, याची भीती वाटते.

हे लिहितेय ती पाटी मेणाची आहे. आता हे सगळं अंगठ्याने पुसेन आणि दरवर्षीसारखं त्यावरच लिहीन: "ताई, मध खाल्ला. दाजी येतील."

तुझी धाकटी,
मिर्तो