फ्रीझरची खंडेनवमी

२९ सप्टेंबर, सोमवार
जिवाणूंमधून आरएनए निघालं. सगळं मी एकट्यानं केलं, हातमोजे बदलत बदलत. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "जमलं की!" हे जिवाणू मानवतकडच्या कापसाच्या मुळांपाशी सापडलेले. आरएनए म्हणजे रासायनिक अक्षरांचा धागा, त्याची एक ठरलेली घडी असते. लांबलांबच्या नात्यातल्या जिवाणूंत अक्षरं बदललेली, घडी मात्र तीच. आमच्या जिवाणूंतही तीच निघाली तर मॅडम शोधनिबंधात माझं नाव घालणार. बी.एस्सी. अर्धवट सोडलेल्या मदतनीसाचं नाव! घरी सांगितलेलं नाही. नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. दार ओढून पाहिलं. परत पाहिलं.

१ ऑक्टो., बुधवार
खंडेनवमी. शिपाई किशनमामांनी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावलं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरसुद्धा! पुसत बसलो, मानवतला घरी जायची एस.टी. चुकली. उद्या दसऱ्याची सुट्टी.

३ ऑक्टो., शुक्रवार
फ्रीझर गप्प. खाली पाणी. बटण बंद.
किशनमामा म्हणाले, "मीच बंद केलंय. नवमीला अवजाराला इसावा द्यावा लागतोय. वर्सभर घरघर करायलंय बिचारं."
"मग भिंतीवरचं घड्याळ का चालू ठेवलं?"
"त्याचा सेल काढलाय की."
वर पाहिलं. खरंच काढला होता.
नळ्यांतलं सगळं वितळलेलं. आरएनए उबेत टिकत नाही, हे यांना कुणी सांगायचं? मीच ना. सुचलंच नाही. फ्रीझर बंद करतील असं कुणाला...

४ ऑक्टो., शनिवार
मॅडम रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. जिवाणू बशीत जिवंत आहेत, पण आरएनए काढायचं किट संपलंय. नवं येईपर्यंत मॅडमची ठरलेली बदली झालेली असेल. म्हणाल्या, "आहे ते जेलवर चालव. काय उरलंय बघू."
किशनमामांनी आपट्याची पानं पुढे केली. "सोनं घ्या सायेब, नाराज नगा होऊ." सायेब म्हणे! या माणसावर धड चिडताही येत नाही.

६ ऑक्टो., सोमवार
जेलच्या थरातून विजेनं धागे सरकवले, लहान तुकडे जास्त खाली उतरतात. वरपासून खालपर्यंत नुसता धुरकट पट्टा. सगळं तुटलेलं. तळाशी मात्र एक बारीक रेघ.
मॅडम म्हणाल्या, "घडीतला भाग सुट्या धाग्यापेक्षा जास्त तग धरतो. तो असेल. नाहीतर कचरा."
"म्हणजे नक्की काय?"
"अक्षरं वाचून आल्याशिवाय सांगता येणार नाही."
किशनमामा मागून डोकावले. "दिसायलंय की वो म्याडम, चांगलं!"
"मामा, तुम्ही गप्प बसा."
रेघ कापून नळीत घेतली. नळीवर तारीख लिहिली. करणाऱ्याच्या नावाची जागा तूर्त कोरीच ठेवली.