पेल्याचा तळ

मंगळवार, संध्याकाळ

आईसाठी हजीऱ्याजवळचा वृद्धाश्रम बघून आले. खोल्या उजेडाच्या, तिथल्या बाई बोलायला गोड. "अम्माजी को घर जैसा लगेगा." घर जैसा, म्हणे. मी प्यायला पाणी मागितलं.

माझ्यासाठी स्थळं बघायला जायची तेव्हा आई आधी पाणीच मागायची. पेला उजेडात धरून तळ बघायची, हळूच वास घ्यायची, मगच बोलणी. दौलतगंजातलं चांगलं नोकरीवालं स्थळ तिनं नुसत्या कळकट पेल्यावरून नाकारलं. बाबा किती चिडले होते.

आज मीही पेला तसाच उजेडात धरला. लख्ख होता. वासही नाही. आईनं लगेच होकार दिला असता.

टेंपोत बसल्यावर सारखं वाटत राहिलं, एखादा तरी डाग निघायला हवा होता.