बाभळीवरची बुट्टी

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या तोंडापेक्षा तुझं बोलणंच जास्त आठवतं. काल परसात शेवग्याखाली बुलबुलाचं पिल्लू पडलं होतं. उचलायला वाकले तर सून ओरडली, "आत्या, हात लावू नका. माणसाचा वास लागला की त्याची आई जवळ करत न्हाई." शिकलेली आहे, पण हे कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे. मी पिल्लू उचलून घरट्यात ठेवलं, आणि तुझी ती बाभळ डोळ्यांपुढं उभी राहिली. दोन यत्तांची अक्षरं अजून हातात आहेत, म्हणून लिहायला बसले.

साल मला सांगता यायचं नाही. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील, मी नऊ-दहाची. गुऱ्हाळ उलपलं होतं, हंगाम सरला होता. चुलवाण थंड पडलेलं, काहील पालथी, आणि गूळ रांधणाऱ्या गुळव्याला नि गड्यांना भाकरी थापून थापून सोललेले तुझे हात पहिल्यांदाच जरा रिकामे. मी आकडीची काठी घेऊन शेळीला बाभळीचा पाला ओढायला गेले ती हातात कोतवाल पाखराचं पिल्लू घेऊन आले. घरटं फाटून खाली पडलेलं. पिल्लाला पंख फुटत होते, तोंडात लालभडक, आणि मूठ मिटली तर त्याचं काळीज माझ्या तळहाताला धडका देतंय. एवढ्याशा अंगात एवढा जोर कुठून येतो, हे मला आजही कळलेलं नाही.

तुला हाक मारायच्या आधी मी शहाणपणा केला. आपल्या घरात काकवी म्हणजे औषध. खोकल्याला काकवी, दमलेल्याला काकवी, बाळंतिणीलाही काकवी. मडक्यात बोट बुडवून पिल्लाच्या चोचीत सोडली. चोच मिटली ती चिकटलीच. नाकाची भोकं बुजली, मान कलली.

"काय भरवलंस?" तू दारातनंच विचारलंस.

"काकवी."

"त्याला काय गुळव्या करायचाय व्हय? गाढवीण कुठली."

पदराचं टोक भिजवून तू ती चोच पुसत बसलीस, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. चोच सुटली, पिल्लानं आ केला. "आता काय घालायचं ह्याला?" मी विचारलं. तू म्हणालीस, "आपुन कायबी न्हाई. किडं खाणारी जात हाय. घालंल त्याची आई." मग विचारलंस, "पडलं कशानं?"

"वाऱ्यानं," मी म्हणाले. तू बाभळीच्या शेंड्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं.

थोरली चुलती तेवढ्यात आलीच. तिला बोलवावं लागत नव्हतं. "पोरीनं हाताळलंय न्हवं? आता आई शिवायची न्हाई त्याला. सोड तिथंच, कावळं न्हेतील."

कावळे खरंच येऊन बसले होते, दोन. तू भाकरीची बुट्टी रिकामी केलीस, तळाला वाळकं गवत घालून पिल्लू आत ठेवलंस आणि म्हणालीस, "ही पोरगी जल्मली तवा पंधरा दीस सरकारी दवाखान्यात हुती. दाया, डाक्टर, झाडूवाली, सगळ्यांनी हाताळली. मी टाकली का हिला?"

तू कासोटा खोचून बुट्टी पाठीला बांधायला लागलीस तशी चुलती म्हणाली, "अगं, बाईमाणूस झाडावर? गाव काय म्हणंल?"

"गावाला सांग, खाली हुबं ऱ्हाऊन वर बघू नगा."

बाभळीवर गडीमाणूस चढत नाही, आये. काटे बोटाएवढे. तू फांदीवर गोणपाटाचं किलतान टाकायचीस, त्यावर गुडघा ठेवायचीस, की तेच किलतान ओढून पुढच्या फांदीवर. वरून कोतवालाची जोडी तुझ्या डोक्यावर झडप घालत होती. बुचडा सुटला, कानाजवळ रक्त आलं. आणि तू, जिनं मला आयुष्यात कधी गोड हाक मारली नाही, त्या पाखराला म्हणत होतीस, "व्हय गं बाई, व्हय. तुझंच हाय. ठेवते न्हवं." मी खाली उभी होते. माझी आई कोण आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं असं वाटलं.

तू बुट्टी फांदीला बांधून उतरलीस आणि आपण गुऱ्हाळाच्या भिंतीआड बसलो. मादी आली, बुट्टीच्या काठावर बसली, उडाली. पुन्हा आली, पुन्हा उडाली. "बघ, शिवत न्हाई," चुलती म्हणाली. मला तर श्वास घ्यायची भीती वाटत होती. तेवढ्यात एक कावळा बुट्टीवर उतरला आणि ते मूठभर काळं पाखरू आभाळातून पडल्यासारखं त्याच्या पाठीवर आदळलं. कावळा ओरडत ओढ्यापार गेला. मागं वळूनही बघितलं नाही त्यानं. मग ती आली, चोचीत नाकतोडा धरून. बुट्टीत वाकली. वर आली तेव्हा चोच रिकामी होती.

पुढं मी पुष्कळ बघितलं. धरणाचं पाणी बघितलं, विमानातही बसले. पण अंगावर तसा काटा पुन्हा आला नाही. तू मात्र उठून लुगडं झटकलंस. "चला, शेळी पिळायची हाय."

आठ दिवस आपल्या भाकरी फडक्यात बांधलेल्या होत्या. नवव्या दिवशी पिल्लू उडालं, बुट्टी रिकामी झाली.

आता हा कागद कुठं धाडू? भाकरीच्या डब्यात तळाला घालीन, सून पुसताना फेकून देईल. पण एक लिहायचं राहिलंय. त्या दिवशी तुझ्या तळहातातले काटे मी सुईनं काढले. जीभ वळवळत होती, तरी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पाला ओढायची आकडी तू आढ्याला टांगलीस, माझा हात पोचणार नाही इतकी वर, आणि त्या पावसाळ्यात शेळीचा पाला तूच हातानं तोडून आणलास.

त्या दुपारी वारा नव्हता, आये.