शहाजी मुकादमाचे डोळे आणि प-ट-ग

कोपरखैरणे, नवी मुंबई
९ मार्च १९९७

तीर्थरूप मामांच्या पायांवर मधुकरचा डोकं टेकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खाऊनपिऊन ठणठणीत आहोत. तिकडे तुमचा गुडघा, मामींची कंबर आणि नुकतीच व्यालेली म्हैस या तिघांची तब्येत सविस्तर कळवावी. (म्हशीला शेवटी घेतलं म्हणून कुणी वाईट वाटून घेऊ नये, तिघांत वयाने लहान तीच आहे.) मामींनी पाठवलेली चटणी पोचली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि जयमालेला वाटलं, मला गावची आठवण आली. मी तिला खरं सांगितलं नाही. तीन महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल, पण त्याला कारण आळस नसून समाजसेवा आहे. ही सवय मला कशी लागली ते मुळापासूनच सांगतो.

कांदा-बटाटा बाजारात दिवसभर काट्यावर गोण्या तोलायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन पाय पसरायचे, एवढाच माझा आयुष्यक्रम होता हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गेल्या दसऱ्याला आमच्या सेक्टरातल्या लोकांनी मिळून ‘शेजार मंडळ’ काढलं. अध्यक्ष झाले चहावाले अरविंदराव, कारण सभेला चहा लागतोच. पहिल्या तीन सभांत मंडळाच्या कागदावरचं नाव हिरव्या शाईत असावं की निळ्या, यावर चर्चा झाली आणि दोघे सभासद एकमेकांशी बोलायचे बंद झाले. चौथ्या सभेत जयमाला मागच्या रांगेतून उठली (बायकांनी मागे बसावं असं कुणी ठरवलं नव्हतं, पण बसल्या होत्या खऱ्या) आणि म्हणाली की शाई कुठलीही घ्या, पण बाजारात गोण्या वाहणाऱ्या आपल्या माणसांचे डोळे बारा महिने लाल असतात, कांद्याच्या पापुद्र्याने आणि धुळीने, आणि त्यातल्या एकाने तरी कधी डॉक्टरला डोळे दाखवलेत का? मग अरविंदरावांनी, ही कल्पना मुळात त्यांचीच होती अशा सुरात, नेत्रतपासणी शिबिर जाहीर केलं. पनवेलच्या एका धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टर सुमेधाताई फुकट यायला तयार झाल्या. रांग सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज मोठा आहे.

शिबिराच्या दिवशी मंडळाच्या पत्र्याच्या खोलीबाहेर शंभरावर माथाडी रांगेत उभे! आपल्या सातारा-पाटणकडची माणसं, शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून पळत जाणारी, पण डॉक्टरसमोर जायचं म्हटल्यावर एकेकाचा चेहरा लग्नाआधीच्या नवरदेवासारखा. आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावलेला. वर मोठ्ठा प, खाली ट आणि ग, आणि तिथून खाली मुंगीएवढी होत जाणारी अक्षरं. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, आत काय लिवलंय? आता मी पडलो मॅट्रिक. कुणी अक्षराबद्दल विचारलं की माझ्याने गप्प राहवत नाही. मी त्याला पहिल्या चारही ओळी सांगितल्या. (ही चूक होती, हे आता मान्य करतो. त्या वेळी मला ते ज्ञानदान वाटलं.) त्याने मागच्याला सांगितल्या, मागच्याने त्याच्या मागच्याला. अर्ध्या तासात सगळी रांग तोंडातल्या तोंडात ‘प, ट ग, ल न र’ असं पुटपुटत होती आणि लांबून बघणाऱ्याला इथे काही अनुष्ठान चाललंय असं वाटावं. पहिले वीस जण धडाधड पास! सुमेधाताई खूश होऊन म्हणाल्या की इतके चांगले डोळे त्यांनी अख्ख्या रायगड जिल्ह्यात पाहिले नव्हते. मीही मान डोलावली.

पण एकविसाव्याने तक्त्याकडे पाठ असतानाच तिसरी ओळ म्हणून टाकली, तेव्हा बाईंना शंका आली. त्यांनी पिशवीतून दुसरा तक्ता काढून लावला. त्यावर अक्षरं नव्हतीच, नुसती तीन दातांची दाताळी होती. काही वर तोंड केलेली, काही खाली, काही आडवी. दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं, बस्स. ही बातमी बाहेर पोचायच्या आत शहाजी मुकादम आत आले.

या शहाजींची ओळख करून देतो. मूळचे पाटणच्या डोंगरातले, वय पंचावन्न, अकरा जणांच्या टोळीचे मुकादम. बाजारात त्यांच्या शब्दाला मान असा की व्यापारीसुद्धा त्यांना आधी रामराम घालतात. तर शहाजी ताठ उभे राहिले, दाताळ्यांच्या तक्त्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “प! ट, ग! ल, न, र!” खोलीत असा हशा पिकला की पत्रे वाजले. मीही हसलो, मामा, खोटं कशाला बोलू. हसता हसता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग मात्र हसू आतच राहिलं. कोण हसतंय आणि का हसतंय, हे शोधायला ते आवाजाच्या दिशेने मान वळवत होते. भिंतीवर दाताळी आहेत हे त्यांना दिसलंच नव्हतं. सुमेधाताईंनी खुर्चीवर बसवून बॅटरी मारली आणि हलक्या आवाजात सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. शहाजी उठले, “मला समदं दिसतंय,” म्हणाले आणि दारावर खांदा आपटून निघून गेले.

मागाहून त्यांची बायको रंगूबाई जयमालेकडे येऊन रडली तेव्हा सगळं कळलं. दोन वर्षं त्यांना नुसतं धुकं दिसत होतं. व्यापारी आवाजावरून ओळखायचे, गोणी वासावरून, आणि फळीवर चढताना पुढच्या गड्याच्या पायांचा आवाज ऐकत पाऊल टाकायचे. टोळीला कळलं तर मुकादमकी जाईल आणि आपल्यामुळे एखाद्या पोराच्या अंगावर गोणी पडेल, या दोन भीतींमध्ये माणूस रोज उभा होता. त्यात माझा पराक्रम ऐका. मदत करायची म्हणून मी शस्त्रक्रिया लागणाऱ्यांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून बाजारातल्या फळ्यावर लावली, आणि ज्येष्ठतेनुसार पहिलं नाव शहाजींचं! दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं. शहाजी कामावर आले नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्याही नाहीत. जयमाला माझ्याशी फक्त भाजी वाढण्यापुरती बोलत होती.

आम्ही त्यांच्या घरी गेलो, म्हणजे अरविंदराव, मी आणि टोळीतले अकराच्या अकरा गडी. अरविंदरावांनी दृष्टीचं महत्त्व या विषयावर भाषण सुरू केलं आणि शहाजींनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. गड्यांनी सांगितलं, मुकादम तुम्हीच, तुमची जागा तुमचीच, बरे होईस्तोवर तुमच्या वाटणीचं आम्ही वाहू. घोंगडी हलली, पण उघडली नाही. तेवढ्यात दारात शांतीबाई आली. ही खाडीकाठच्या गावातली कोळीण, आमच्या सेक्टरात घरोघर मासळी विकते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्या वर्षीच झालेलं. तिने पाटी उतरवली, कमरेवर हात ठेवले आणि घोंगडीला उद्देशून म्हणाली, “आरं शहाजी, तुला दिसत नाय हे मना कवाचं ठावं हाय. दोन वरसं तुज्या वाट्यातून चार-चार बोंबील मी तुज्या डोल्यादेखत परत काढून घेते हाय. पान्यासारका पैसा झाला माजा. तू ऑपरेशन करू नको. मना परवडत नाय.”

घोंगडी एका झटक्यात खाली! शहाजी उभे राहिले, लालबुंद. “चार? दर खेपंला चार?” ती म्हणाली, सणावाराला पाच. शहाजींनी तिथल्या तिथे मला विचारलं, त्या बाई डॉक्टरचा दवाखाना कधी उघडतो. बाहेर पडल्यावर मी शांतीबाईला, हे खरं का, असं विचारलं, तर ती पाटी डोक्यावर घेत म्हणाली, “छट्! एकदाच काडला व्हता, त्यो पन मांजरीला.”

दोन दिवसांनी एका व्यापाऱ्याच्या टेम्पोतून आम्ही पनवेलला निघालो. पेशंट एक आणि सोबतीला चौदा माणसं, त्यामुळे दवाखान्यातल्या सिस्टरांना वाटलं की मोर्चा आला. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना आम्ही सगळे खिडकीला नाक लावून उभे होतो. शहाजींनी डोळा उघडला, बराच वेळ मिटमिट केली आणि समोर बसलेल्या रंगूबाईंकडे बघत राहिले. मग म्हणाले, “रंगू, तुजं क्यास कवा पांढरं झालं गं?” ती पदराने तोंड झाकून म्हणाली, “तुमी बघत नव्हता तवा.” टोळीतल्या गड्यांनी एकदम दुसरीकडे माना वळवल्या, कुणी छताकडे, कुणी फिनेलच्या बाटलीकडे. मी काही बोलणार तोच शहाजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “ह्यो मधुकर व्हय? दोन वर्सांत वाळलास की रं. आवाजावरनं चांगला धिप्पाड वाटायचास.” मग मात्र सगळा वॉर्ड हसला आणि या खेपेला शहाजी सगळ्यांत मोठ्याने हसले.

घरी येताच काळा चष्मा लावून ते पहिल्यांदा शांतीबाईच्या पाटीसमोर जाऊन बसले. तिने वाटा मांडला. त्यांनी एकेक बोंबील उचलून उजेडाला धरून पाहिला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. तिने आपणहून चार जास्तीचे टाकले आणि शहाजींनी त्यातले दोन परत केले. दीड महिना टोळीने त्यांना गोणीला हात लावू दिला नाही. ते नुसते पोत्यावर बसून सगळ्यांना ओरडत होते आणि फार आनंदात होते. आता दुसराही डोळा झाला. त्या यादीतल्या सव्वीस जणांपैकी चोवीस जणांनी ऑपरेशन करून घेतलं आणि उरलेल्या दोघांकडे शांतीबाई जाऊन आली आहे. मंडळाच्या कागदावरची शाई अजून ठरलेली नाही.

मामींना सा. न. कळवावा आणि उन्हात फिरू नये.

आपला आज्ञाधारक भाचा,
मधुकर

ता. क. – मूळ मुद्दा राहिलाच. शिबिरात असं उघड झालं की त्या रांगेतल्या निम्म्या लोकांना नजरेची अडचण नव्हतीच. त्यांना अक्षरच येत नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती म्हणून त्यांनी तक्ता पाठ केला. आता सगळा बाजार गोणी उचलताना ‘प, ट, ग’ असं ओरडतो आणि परवा एकाने मला विचारलं की एवढ्या अक्षरांनी त्याचं नाव लिहून होईल का. उरलेली अक्षरं शिकायची सगळ्यांची इच्छा आहे. मामा, तुम्ही सदतीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवलात आणि निवृत्त झाल्यापासून घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे म्हशीला पाढे म्हणून दाखवता. तरी तीन महिन्यांसाठी इकडे यावं. मंडळाच्या पाटीवर ‘प्रमुख गुरुजी’ म्हणून तुमचं नाव रंगवून झालं आहे आणि रंग ऑइलपेंट आहे.

ता. क. २ – राहायचं अर्थातच आमच्याकडे. हे जयमालेला अजून सांगितलेलं नाही, म्हणून उत्तर घरी न पाठवता बाजारातल्या पत्त्यावर पाठवावं.

ता. क. ३ – मामांना जयमालेचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. तुम्ही जरूर या, आणि मामींनाही आणा. पहिल्या वर्गाला एकतीस नावं आली आहेत, त्यातल्या चोवीस बायका आहेत आणि रंगूबाई पहिल्या नंबरवर. पुरुषांनी मागच्या रांगेत बसायचं असं आम्ही ठरवलं आहे. येताना छडी मात्र गावीच ठेवा, शांतीबाईनेही नाव दिलं आहे.